ऊस तुटून गेला. येळवशीनंतर चार-पाच दिवस समुद्राकाठी जायचे आहे, कोठे जावे?

मांजराकाठ:

सर्वांना नमस्कार. शेती असलेल्या घरात सहल दोन महिने आधी का ठरत नाही, हे येथील बहुतेकांना समजावून सांगण्याची गरज नाही. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते आणि कारखान्याची टोळी आपल्या फडात कधी उतरणार हे आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही. त्यामुळे आमचे ठरते ते नेहमी शेवटच्या घटकेलाच. या आठवड्यात टोळी आली, ऊस तुटून गेला, तुरीची रास घरी आली आणि हरभऱ्याच्या पाण्याची जबाबदारी धाकट्या भावाने घेतली. येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येचा सण, शेतात झाली की दुसऱ्या दिवसापासून आम्ही मोकळे आहोत. मात्र आईचे शाकंभरी नवरात्राचे उपवास असतात, म्हणून पौष शुद्ध अष्टमीच्या आत घरी परतणे आवश्यक आहे.

जाणारी माणसे सहा : आई (वय ७६, गुडघे दुखतात), वडील (वय ७९, माळकरी), आम्ही उभयता, नववीतील मुलगी आणि पाचवीतील मुलगा. आई-वडिलांनी आणि मुलांनी समुद्र अद्याप पाहिलेला नाही. पहाटे अंगणात शेकोटीशिवाय बसवत नाही अशी थंडी पडली आहे, त्यामुळे चार दिवस उन्हात, वाळूत बसावे एवढीच अपेक्षा आहे. गाव लातूर जिल्ह्यात औशाजवळ आहे. गोवा, तारकर्ली आणि गणपतीपुळे अशी तीन नावे घरात निघाली आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत ठरवायचे आहे, तेव्हा जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोदातीर :

मुलांचा विचार करता गोवाच योग्य ठरेल असे मला वाटते. उत्तर गोव्यातील कळंगुट-बागा टाळून दक्षिणेकडे कोलवा किंवा त्याच्याही खाली पाळोळे येथे जावे. तेथील किनारे रुंद आणि तुलनेने निवांत आहेत, शिवाय मंगेशी आणि शांतादुर्गा ही देवस्थाने असल्याने ज्येष्ठांचेही मन रमेल. आपल्याकडून सोलापूर, विजयपूर, बेळगाव या मार्गाने जाता येते. यंदा येळवस नाताळच्या आधी आली आहे, याचा लाभ अवश्य घ्यावा, कारण नाताळ ते नववर्ष या आठवड्यात गोव्यातील खोल्यांचे दर कोठे जातात याला काही धरबंध राहत नाही.

पूर्णाथडी :

सगळे पश्चिमेलाच का धावतात, हे मला न उलगडलेले कोडे आहे. नांदेडहून संबलपूरला जाणारी नागावली एक्सप्रेस विशाखापट्टणमवरून जाते. तेथे रामकृष्ण किनाऱ्यावर कुरसुरा ही नौदलाची खरीखुरी पाणबुडी संग्रहालय म्हणून ठेवली आहे आणि तिच्या पोटात शिरून पाहता येते. पाचवीतल्या मुलासाठी याहून मोठे आकर्षण कोकणात नाही. पूर्व किनारा असल्यामुळे तेथे सूर्य समुद्रातून उगवताना दिसतो, हा आणखी एक विशेष.

बालाघाट :

पूर्णाथडी यांच्या सूचनेत तथ्य आहे, पण ती या कुटुंबासाठी नाही. ती गाडी ठरावीक वारीच असते, जवळजवळ एक पूर्ण दिवस गाडीत जातो आणि तितकाच परतताना. शिवाय आता तत्काळ तिकिटावरच भिस्त ठेवावी लागेल. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांचे तत्काळ आरक्षण सकाळी दहाला आणि शयनयानाचे अकराला उघडते, त्यासाठी जुलै २०२५ पासून आपले खाते आधारशी जोडलेले असावे लागते आणि एवढे करूनही सहा जणांना खालचे बाक मिळतील याची शाश्वती नसते. गुडघे दुखणाऱ्या मातोश्रींना वरच्या बाकावर कोण चढवणार? बंगालच्या उपसागरात डिसेंबरमध्येही वादळे होतात, हेही ध्यानात घ्यावे. सुट्टी साठ दिवस आधी ठाऊक असेल त्या वर्षी विशाखापट्टणमला जरूर जावे.

(येळवस ते संक्रांत हा कोवळ्या हुरड्याचा काळ सोडून माणसे वाळूत बसायला जातात, याचे मला व्यक्तिशः नवल वाटते. पण तो विषय वेगळा.)

खाडीपलीकडे :

मी मूळचा परभणीचा असून नोकरीनिमित्त रत्नागिरी जिल्ह्यात स्थायिक आहे. त्यामुळे दोन्हीकडची थंडी मला ठाऊक आहे. परभणीचा पारा कृषी विद्यापीठाच्या नोंदीनुसार एक आकड्यावर आला की तो वर्तमानपत्रात येतो, आणि त्याच दिवशी रत्नागिरीत दुपारी तीस अंशांच्या वर तापमान असते. पाणी जमिनीसारखे झटकन निवत नाही, त्यामुळे किनाऱ्यावर रात्रही बोचरी होत नाही. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, तेवढ्या वेळेपुरती ज्येष्ठांना शाल पुरते. दुपारी अकरा ते चार मात्र ऊन चांगलेच लागते.

माझे स्पष्ट मत गणपतीपुळ्याच्या बाजूने आहे, आणि त्याचे पहिले कारण रस्ता हे आहे. आपल्या औशावरून जाणारा नागपूर-रत्नागिरी महामार्ग तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा थेट समुद्रापर्यंत येतो. अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरते. ते एका दमात कापण्याचा हट्ट करू नये. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे प्रतिपदेला, सकाळी निघून दिवेलागणीच्या आत कोल्हापूर गाठावे व तेथे मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाबाईचे दर्शन घेऊन आंबा घाट उजेडी उतरावा. साखरपा, पाली, हातखंबा करत निवळीला यावे आणि तेथून डावीकडे वळावे, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास तुम्ही पुळ्यात असाल.

रात्रीच्या प्रवासाला मी एवढा विरोध करतो तो घाटातील धुक्यापेक्षा उसाच्या ट्रॅक्टरांमुळे. सांगोल्यापासून कोल्हापूरपर्यंत गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात, मागच्या ट्रॉलीला दिवा तर सोडाच, पण कित्येकदा लाल परावर्तक पट्टीही नसते, आणि ट्रॉलीबाहेर लोंबणारे उसाचे वाढे समोरच्या गाडीच्या प्रकाशात रस्त्याच्या रंगात मिसळून जाते. आपणही ऊस घालणारे आहात, त्यामुळे हे चित्र आपणास नवे नाही.

तारकर्लीबद्दल दोन शब्द. मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात जाता येते. १६६४ साली महाराजांनी त्याचे बांधकाम सुरू केले आणि किल्ल्यात शिवराजेश्वराचे मंदिर आहे. मुलांना तो दाखवलाच पाहिजे. पण होडीत चढणे-उतरणे आणि किल्ल्यातील चाल मातोश्रींना झेपेल असे वाटत नाही. रत्नागिरी आणि मालवण एकाच फेरीत करू, असा मोह कोणी घातल्यास त्याला बळी पडू नये. चार दिवसांपैकी दोन दिवस गाडीच्या काचेतून झाडे पाहण्यात जातील.

मांजराकाठ :

खाडीपलीकडे यांचे मनःपूर्वक आभार. सुट्टी मोजकी आणि आई-वडील सोबत असल्याने गणपतीपुळ्याकडे कल झुकला आहे. दोन शंका आहेत. पहिली, राहण्याची सोय इतक्या ऐनवेळी होईल का? दुसरी अशी की, मुलगा आमच्या विहिरीत उत्तम पोहतो व समुद्रात पोहणारच असे बजावून बसला आहे. त्याला पोहू द्यावे का?

आजोळ उमरगा :

राहण्याविषयी मी सांगते. पर्यटन महामंडळाचे निवासस्थान गणपतीपुळ्यात अगदी किनाऱ्याला लागून आहे, त्याची उपलब्धता प्रथम पाहावी. परंतु ते भरलेले असल्यास निराश होऊ नये. पुळे आणि शेजारचे मालगुंड येथे घरगुती निवासाच्या खोल्या पुष्कळ आहेत. आई-वडील सोबत असताना मी तर घरगुती निवासच पसंत करीन, कारण तेथे पहाटे अंघोळीचे पाणी सांगता येते, जेवणात तेल-तिखट कमी करा म्हटले तर ते होते आणि उंबऱ्यापासून न्हाणीघर किती पावलांवर आहे हे फोनवर विचारले तरी कोणी हसत नाही. खोली तळमजल्यावरच हवी, संडास कमोडचा हवा आणि अंगणापर्यंत गाडी गेली पाहिजे, या तीन गोष्टी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारून घ्याव्यात.

आणि आगाऊ रकमेवरून एक इशारा. ऐनवेळी खोली शोधणारा माणूस घायकुतीला आलेला असतो, हे ठगांना पक्के ठाऊक असते. आमच्या नात्यातील एका कुटुंबाने इंटरनेटवर सापडलेल्या क्रमांकावर पैसे पाठवले. छायाचित्रे खऱ्या निवासाची होती, क्रमांक मात्र भलत्याचाच होता. पूर्ण रक्कम आधी मागणारा, ‘दहा मिनिटांत न भरल्यास खोली जाईल’ म्हणणारा आणि व्हिडिओवर खोली दाखवण्यास टाळाटाळ करणारा माणूस दिसला की फोन ठेवून द्यावा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

खाडीपलीकडे :

आता दुसऱ्या शंकेकडे येतो. ती पहिलीपेक्षा कितीतरी महत्त्वाची असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

विहिरीत पोहणे आणि समुद्रात पोहणे यांत मूलभूत फरक आहे. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही. तेथे दम संपला तर माणूस कठड्याला किंवा पायरीला धरतो. समुद्रात धरायला काही नसते आणि पायाखालची वाळूसुद्धा सरकत असते. गणपतीपुळ्याचा किनारा उताराचा आहे, तो पोहण्यास धोकादायक असल्याचे फलक तेथे लावलेले आहेत, आणि दर वर्षी तेथे बुडणाऱ्यांत घाटावरून आलेले, पोहता येणारे तरुण असतात. फलक वाचूनही माणसे आत का जातात? कारण धोक्याची जागा दिसायला सर्वांत शांत असते. लाटा फुटून फेस होत असतो त्या दोन पट्ट्यांच्या मधोमध एखादा पट्टा फेसाविना, गुळगुळीत आणि जरा गढूळ दिसतो. नवख्याला वाटते, येथे लाट नाही, येथे उतरावे. वास्तविक किनाऱ्यावर चढलेले पाणी त्याच पट्ट्यातून वेगाने आत परतत असते आणि सोबत वाळू ओढून नेत असते, म्हणून ते गढूळ दिसते. दुर्दैवाने कोणी त्यात सापडलेच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत जावे, ओढ थोड्या अंतरावर संपते.

वेळेचे गणितही येथे मांडतो, कारण तुम्ही नेमके अमावास्येनंतर येत आहात आणि त्या दिवसांत उधाणाची भरती असते. कोकणातली जुनी रीत अशी आहे की तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीचा तास मिळतो. तृतीयेला तीनचे पाऊणपट म्हणजे सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती पूर्ण होईल, त्याच्या सुमारे सहा तास आधी, म्हणजे सकाळी आठला, पाणी सर्वांत खाली असेल आणि रात्री साडेआठच्या आसपास पुन्हा खाली जाईल. तासाभराचे मागेपुढे धरावे आणि तेथील मच्छीमारांना विचारून खात्री करून घ्यावी.

यावरून दिसेल की सकाळी आठ ते दहा ही वेळ तुमच्यासाठी उत्तम आहे : वाळू लांबवर उघडी पडलेली, ऊन कोवळे आणि पाणी हळूहळू किनाऱ्याकडे येणारे. मुलाला गुडघाभर पाण्यात, मोठ्या माणसाचा हात धरून, याच वेळी खेळू द्यावे. संध्याकाळी सूर्यास्त पाहायला सारा किनारा पाण्यात उतरतो, पण तृतीया-चतुर्थीला ती वेळ नेमकी उधाणाच्या ओहोटीची असते व पाणी आत ओढते. संध्याकाळी वाळूवर बसावे, पाण्यात जाऊ नये. गाडीही वाळूवर नेऊ नये. ओल्या वाळूत चाके रुततात आणि भरती कोणासाठी थांबत नाही.

गोदातीर :

तिथीचे हे गणित मला नवीन होते. मग अष्टमीला भरती सहाला येणार, असेच ना?

खाडीपलीकडे :

होय, सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास, आणि ती भांगेची, म्हणजे जोर कमी असलेली भरती असते. कुटुंबाला पाण्यात खेळायचे असेल तर खरे म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस अधिक चांगले. पण मातोश्रींचे नवरात्र आड येते, त्याला इलाज नाही.

हिशेबनीस :

भाड्याच्या गाडीचा विचार अद्याप कोणी मांडला नाही, आणि एस.टी.चा तर नाहीच. भाड्याची गाडी घेतल्यास दर किलोमीटरमागे ठरतो, परंतु दररोजचे किमान किलोमीटर धरले जातात. म्हणजे पुळ्यात गाडी दिवसभर उभी राहिली तरी त्या दिवसाचे पैसे द्यावेच लागतात, वर चालकाचा मुक्काम भत्ता. खासगी पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेणे बेकायदा आहे व अपघात झाल्यास विम्याचे वांधे होतात, म्हणून पिवळ्या पाटीचीच घ्यावी.

आता एस.टी.चा हिशेब पाहा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे. म्हणजे आपले आई-वडील विनामूल्य, सौभाग्यवती आणि कन्या निम्म्यात, पाचवीतल्या मुलाचे वय बाराच्या आत असल्यास तोही निम्म्यात. पूर्ण तिकीट एकट्या आपले. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे, गोव्यात ती लागू होत नाही, हेही कोकणाच्या बाजूने जाणारे कारण आहे. ज्येष्ठांचे आधार कार्ड जवळ असावे. सोलापूर आणि कोल्हापूर येथे गाडी बदलून रत्नागिरीला जाता येईल. तेथून पुळ्यासाठी बस आहेत.

बालाघाट :

हिशेब चोख आहे, पण पैसे वाचतील तेवढे गुडघ्यातून जातील. सोलापूरच्या स्थानकावर सामानासह फलाट शोधणे, पाऊण-पाऊण तास उभे राहणे, एस.टी.च्या तीन उंच पायऱ्या चढणे, हे सगळे मातोश्रींना दोनदा-तीनदा करावे लागेल. त्यापेक्षा लातूरवरून जाणाऱ्या नागपूर-कोल्हापूर एक्सप्रेसचा वार जमतो का पाहावा. ती पंढरपूर, मिरजवरून थेट कोल्हापूरला जाते. खालचे बाक मिळाले तर आई आडव्या होऊ शकतील आणि कोल्हापूरपासून पुढे चार दिवसांसाठी गाडी ठरवता येईल. तिचा वार जमला नाही तर मग घरापासूनच गाडी घ्यावी. माळकरी माणसाला पंढरपूरच्या स्थानकात गाडी थांबल्यावर खाली उतरून कळसाच्या दिशेने हात जोडता येतील, हा लाभ वेगळाच.

पूर्णाथडी :

विशाखापट्टणमचा मुद्दा मी मागे घेतो, परंतु एक प्रश्न विचारतो. चार दिवस नुसत्या वाळूत मुले कंटाळणार नाहीत काय?

खाडीपलीकडे :

कंटाळणार नाहीत. तृतीयेच्या दुपारी ऊन उतरल्यावर आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीला जावे. हा रस्ता डोंगराच्या कडेने जातो आणि एका वळणावर दोन्ही किनारे एकदम खाली दिसतात; तेथे गाडी बाजूला घेऊन थांबावे. रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचे जन्मघर आहे, तसेच ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी नजरकैदेत ठेवले त्याचा राजवाडा आहे; नववीतल्या मुलीच्या इतिहासाला त्याचा उपयोग होईल. वडिलांना पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीस्थानी घेऊन जावे. त्यांनी ज्ञानेश्वरी अभंगरूपाने लिहिली आहे, त्यामुळे माळकऱ्याला तेथून उठावेसे वाटणार नाही. मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे, ते तर पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

पुळ्याच्या दर्शनासंबंधी एकच सूचना. तुमच्या मुक्कामात विनायकी चतुर्थी येते आणि त्या दिवशी रांग मोठी असते. म्हणून पोहोचल्या दिवशी, द्वितीयेलाच, संध्याकाळी दर्शन उरकून घ्यावे. मंदिरामागचा डोंगर हाच देव मानला जात असल्याने प्रदक्षिणा डोंगराला घालतात. ती सुमारे एक किलोमीटरची आहे, वाटेत चढ-उतार आहेत, तेव्हा आईंनी सभामंडपातूनच नमस्कार करावा. चतुर्थीची सकाळ वाळूत घालवून पंचमीला परतीला लागलात की षष्ठीला घरी पोहोचाल.

आजोळ उमरगा :

खाण्याचे पाहू. मार्गशीर्ष येळवशीला संपतो, त्यामुळे घरातील ज्यांना मासे खायचे असतील त्यांना आडकाठी उरत नाही. मात्र माळकरी वडिलांसाठी शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होणारे घर निवडावे, आणि पुळ्यात तशी घरे सहज सापडतात. माशांच्या ताटाचा दर त्या दिवशी काय मिळाले त्यावर ठरतो, म्हणून बसण्यापूर्वीच विचारून घ्यावा. सोलकढी, उकडीचे मोदक, कुळथाचे पिठले आणि घावन हे सर्वांना चालेल. पहिल्या दिवसासाठी येळवशीची भज्जी (मिसळीची भाजी) डब्यात भरून घ्यावी. या थंडीत ती दुपारपर्यंत उत्तम राहते आणि मुरल्यावर अधिकच लागते. आंबील मात्र शेतातच संपवावी, ती गाडीत फसफसते.

मांजराकाठ :

सर्वांचे ऋण मोठे आहे. आज सायंकाळी घरात वाचून दाखवले आणि ठरले : गणपतीपुळे, पहिला मुक्काम कोल्हापूर, जाताना-येताना एकही तास रात्रीचा प्रवास नाही. रेल्वेचा वार जुळला नाही, म्हणून औशाहूनच पिवळ्या पाटीची गाडी सांगितली आहे. मालगुंडला तळमजल्याच्या दोन खोल्या मिळाल्या. मालकीणबाईंनी व्हिडिओवर अंगण, न्हाणीघर आणि तुळशीवृंदावनही दाखवले, त्यानंतरच काही रक्कम पाठवली. मुलाला फेसाविना असणाऱ्या पट्ट्याचे चित्र काढून समजावले आहे. त्याने पोहण्याचा हट्ट सोडला नाही, पण गुडघाभर पाण्याची अट मान्य केली आहे. एकच प्रश्न राहिला. वडील ज्वारीच्या भाकरीशिवाय रात्री जेवत नाहीत. पीठ सोबत न्यावे काय?

खाडीपलीकडे :

अवश्य न्यावे. येथे भाकरी तांदळाची, उकड काढून केलेली असते, आणि ज्वारीचे ताजे पीठ येथे सहजी मिळत नाही. पाच दिवसांचे पीठ निघण्याच्या आदल्या दिवशी दळून घ्यावे, कारण जुन्या पिठाला विरी राहत नाही. मालकीणबाईंना चूल किंवा गॅस अर्धा तास मोकळा मिळेल का, असे आजच विचारून ठेवावे आणि भाकरी घरच्यांनीच थापावी. शेंगदाण्याची चटणीही न्या, आणि जमल्यास एक पुडी माझ्यासाठी. पुळ्यात पोहोचलात की येथेच निरोप टाका, मी येऊन घेऊन जाईन.